समासातलं प्रश्नचिन्ह

मी मुद्रितशोधक आहे. 'दिन' आणि 'दीन', 'सुत' आणि 'सूत' यांतल्या फरकावर माझं पोट चालतं. त्यामुळे "तुमच्या ब्राका-२ जीनमध्ये एक अक्षर बदललेलं दिसतंय," असं डॉक्टर म्हणाल्या, तेव्हा ते मला लगेच कळलं. दहा हजारांहून जास्त अक्षरांच्या मजकुरात एक अक्षर. सवयीनं मी विचारलं, "अर्थ बदलतो का?"

"ते आज सांगता येत नाही."

स्तनात गाठ सापडली तेव्हा मी 44 वर्षांची होते. शस्त्रक्रिया झाली, केमो झाली, केस परत आले. ते निभावलं, कारण तिथे पुढची तारीख ठरलेली असायची. रक्ताची ही चाचणी करायला सांगितली ती मावशीमुळे. मावशी चाळिशीत गेली; आजी शेवटपर्यंत 'पोटाचं काहीतरी होतं' असंच सांगायची.

चार आठवड्यांनी रिपोर्ट आला. 'व्हेरिएंट ऑफ अनसर्टन सिग्निफिकन्स.' पॉझिटिव्ह नाही, निगेटिव्हही नाही. पॉझिटिव्हची तयारी मी केली होती. दुसऱ्या स्तनाचं काय, अंडाशयांचं काय, लेकीला कधी सांगायचं, सगळं. याची तयारी कशी करतात?

मग रात्री-रात्री मोबाइल. याच बदलाला एक प्रयोगशाळा 'अनिश्चित' म्हणते, दुसरी 'बहुधा निरुपद्रवी'. दोन मुद्रितशोधकांचं एकमत होत नाही हे मला नवं नव्हतं. पण इथे मजकूर मी होते.

जीनविषयक समुपदेशन करणाऱ्या बाईंनी शांतपणे समजावलं. असे बहुतेक बदल पुढे निरुपद्रवीच ठरतात. अंडाशयं काढण्यासारखा निर्णय या निकालाच्या जोरावर घ्यायचा नाही. बहिणीला, लेकीला या बदलासाठी चाचणी करायला लावायची नाही. मावशीचा आणि माझा आजार लक्षात घेऊन त्यांच्या तपासण्या ठरवायच्या. वर्षातून एकदा विचारायचं, वर्गीकरण बदललं का. आणि जाता जाता म्हणाल्या, जगभरच्या या नोंदी मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांच्या आहेत, त्यामुळे आपल्याकडे असे 'अनिश्चित' निकाल जास्त येतात.

म्हणजे माझं अक्षर चुकलेलंच असेल असं नाही, कदाचित कोशात नसेल. मला रागही आला आणि बरंही वाटलं. आमच्या सांगलीकडचे कितीतरी शब्द कोशात नसतात. म्हणून मी ते कधी खोडलेले नाहीत. शंका आली की समासात पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह करते आणि प्रूफ लेखकाकडे पाठवते. रिपोर्टवरही तेच केलं. फाइल कपाटात ठेवली. मोबाइल रात्री स्वयंपाकघरात राहू लागला, निदान बहुतेक रात्री.

वर्षानं विचारलं. काही बदललेलं नव्हतं.

ताईला हे फोनवर तीनदा सांगावं लागलं. "अगं, पण मग मला आहे का नाही?" ती दर वेळी तिथेच यायची. शेवटी म्हटलं, "तू मॅमोग्राफी करून घे." तिनं केली. रिपोर्ट चांगला आला. त्याचा फोटो पाठवून खाली लिहिलं, "नीट वाच गं, कुठे चूक नाही ना?"

दोन होत्या. एक तिच्या नावात होती.