नातीला आणायला यरुशलेमला



ऑगस्ट २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात आम्ही दोघं बेरशेवाहून यरुशलेमला जाऊन आलो. यरुशलेम आम्हांला नवं नाही. पण ह्या खेपेला ना कोतेलला गेलो, ना मखाने येहुदाच्या बाजारात. आम्ही गेलो ते नातीला घरी आणायला. तिचं शेरूत लेउमीचं वर्ष संपलं होतं.

इथल्या मुलांना शेरूत लेउमी म्हणजे काय ते ठाऊक आहे, पण हे पत्रक भारतातही जातं म्हणून सांगतो. धर्म पाळणाऱ्या घरातल्या पुष्कळ मुली सैन्यात न जाता एक किंवा दोन वर्षं राष्ट्रीय सेवा करतात. कोणी शाळेत, कोणी इस्पितळात, कोणी गरिबांच्या संस्थेत. चार-सहा मुली मिळून एका घरात राहतात, हातखर्चाला थोडे पैसे मिळतात आणि स्वयंपाक स्वतःच करायचा असतो. आमच्या नातीला काम मिळालं ते याद सारा ह्या संस्थेत.

बेरशेवाहून सकाळची बस घेतली. डब्यात चपात्या आणि बटाट्याची भाजी होती. हे म्हणाले, "दोन तासांच्या प्रवासाला एवढं कशाला?" आणि अर्ध्या तासात त्यांनीच डबा उघडला! बाहेर गव्हाची कापलेली शेतं, सगळं पिवळं आणि कोरडं. पुढे शाआर हागाईची चढण लागली. तिथे रस्त्याच्या कडेला १९४८ च्या लढाईतल्या चिलखती गाड्यांचे सांगाडे ठेवलेले आहेत. वेढ्यात अडकलेल्या यरुशलेमला अन्न आणि औषधं पोचवायला ह्याच वाटेने गाड्या जात आणि त्यांतल्या कितीतरी पोचल्याच नाहीत. मुलांनो, बसमधून जाताना फोनवरून डोळे काढून ते सांगाडे एकदा बघा. ह्या वर्षी त्या भागात काळी पडलेली झाडंही दिसली. ३० एप्रिल २०२५ ला डोंगरात मोठी आग लागली होती, तिच्या त्या खुणा.

बसस्टँडवरून ट्रॅम घेतली. मुंबईची ट्रॅम १९६४ साली बंद झाली तेव्हा आम्ही शाळेत होतो आणि शेवटची ट्रॅम बघायला गर्दी लोटली होती. इथली ट्रॅम २०११ पासून धावते. हिच्यात घंटेचा तो जुना आवाज ऐकला की आम्हांला भायखळा आठवतो. बसस्टँडपासून लगेच तो दोरांचा पूल येतो, २००८ साली बांधलेला. त्याचा खांब ११८ मीटर उंच आहे, आणि तारा अशा ताणलेल्या की दावीद राजाची वीणाच वाटावी. पूल ओलांडून ट्रॅम हर हर्झलच्या दिशेने चढते. त्याच रस्त्यावर, हर्झल बुलेवारवर, याद साराची मोठी इमारत आहे.

ह्या संस्थेची गोष्ट मुलांना आवडेल. १९७०च्या दशकात यरुशलेममध्ये ऊरी लुपोलियान्स्की नावाचे एक तरुण शिक्षक होते. घरात मूल आजारी पडलं तेव्हा त्यांनी वाफ देण्याचं यंत्र शेजाऱ्यांकडून मागून आणलं. त्यांच्या मनात आलं, असं यंत्र प्रत्येकाने विकत कशाला घ्यायचं? त्यांनी काही यंत्रं आणून लोकांना उसनी द्यायला सुरुवात केली. मग कोणी कुबड्या आणून दिल्या, कोणी चाकांची खुर्ची. १९७६ साली संस्था उभी राहिली. तिला त्यांच्या आजीचं नाव दिलं. ती सारा युरोपातल्या यहुद्यांच्या कत्तलीत मारली गेली होती. 'याद' म्हणजे हात, आणि स्मारकालाही तोच शब्द. १९९४ मध्ये संस्थेला इस्रायल पारितोषिक मिळालं. पुढे २००३ ते २००८ हे गृहस्थ यरुशलेमचे महापौर होते. आज देशभर शंभराहून अधिक शाखा आहेत आणि बहुतेक काम स्वयंसेवक करतात. यहुदी असो, अरब असो, कोणीही यावं, अनामत रक्कम ठेवावी, वस्तू न्यावी, काम झालं की परत करावी आणि पैसे घेऊन जावं.

हे सगळं आम्हांला चांगलं माहीत होतं, कारण २०२३ साली ह्यांच्या ढोपराचं ऑपरेशन झालं तेव्हा बेरशेवाच्या शाखेतून आम्हीच वॉकर आणला होता. तो वॉकर पुढे काय झाला ते शेवटी सांगतो.

आत गेलो तर नात काउंटरच्या मागे. शेवटचा दिवस असूनही काम चालूच होतं. म्हणाली, "आजी, तू बस. आजोबा, तू पण बस. माझे अजून दोन तास आहेत." तिचं मराठी असंच आहे. 'अहो-जाहो' तिला कधी जमलं नाही आणि आम्हीही आता सांगत नाही.

मग आम्ही दोन तास बाकावर बसून राहिलो. नंबर पुकारला जायचा, माणूस पुढे यायचा. एक तरुण बाप तान्ह्या बाळासाठी काहीतरी न्यायला आला होता. एक अरब बाई सासऱ्यांसाठी चाकांची खुर्ची घेऊन गेली. नातीने खुर्ची उघडून दाखवली, ब्रेक कसा लावायचा ते दोनदा सांगितलं, पाय ठेवायच्या पट्ट्या खालीवर करून दाखवल्या. आम्ही जन्मभर वॉर्डात हेच केलं. ती ब्रेक आधी लावते की नाही हे आमचे डोळे आपोआप बघत होते. लावत होती.

मग एक म्हातारे गृहस्थ चाकांची खुर्ची परत द्यायला आले. खुर्ची स्वच्छ पुसलेली, सीटवर घडी घातलेली छोटी उशी. नातीने कागद बघितला, सही घेतली, पैसे परत करायचं काम केलं. उशी हातात घेऊन विचारलं, "ही तुमची का?" ते म्हणाले, "तिची होती." नातीने उशी त्यांच्या हातात दिली आणि काउंटरमागून बाहेर येऊन दारापर्यंत त्यांच्याबरोबर चालत गेली. बोलली काहीच नाही.

संध्याकाळी तिच्या खोलीत सामान भरताना आम्ही त्याबद्दल विचारलं. ती म्हणाली, "पहिल्या महिन्यात एका बाईने ऑक्सिजनचं मशीन परत आणलं. मी हसून विचारलं, बरे झाले का? ती तिथेच रडायला लागली. तेव्हापासून मी कोणालाच विचारत नाही. परत आणणारे दोन प्रकारचे असतात, आजी. बरं झालं असेल तर ते स्वतःच सांगतात."

आम्ही दोघं गप्प झालो. वॉर्डात आम्ही नर्सेस माणसाला डिस्चार्जपर्यंत बघतो. त्याचा कागद तयार झाला, पलंगाची चादर बदलली की दुसरा पेशंट. घरी गेल्यावर त्याचं काय झालं, ती खुर्ची कोणी पुसली, ते आमच्या नजरेला कधी पडलं नाही. एकोणीस वर्षांच्या पोरीला ते रोज दिसत होतं.

ते वर्षही काही साधं नव्हतं. जून २०२५ मध्ये इराणशी बारा दिवसांचं युद्ध झालं. १९ जूनला क्षेपणास्त्र पडलं ते आमच्या सोरोका इस्पितळावर, जिथे आमची नोकरीची सगळी वर्षं गेली. इमारतीचा तो भाग आधीच रिकामा केला होता म्हणून मोठा अनर्थ टळला. त्या दिवशी नातीचा फोन आला तो पाच मिनिटांचाच. "तुम्ही ठीक ना? बरं. मला अजून बऱ्याच एकट्या म्हाताऱ्यांना फोन करायचे आहेत." तेव्हा थोडा राग आला होता. आता वाटतं, आमच्या वयाच्या कोणालातरी त्या दिवशी तिचा फोन गेला असेल.

आता मुख्य गोष्ट. पुढे काय?

नातीने बेरशेवाला नर्सिंगच्या अभ्यासासाठी अर्ज केला आहे. पसिखोमेत्री परीक्षा दिली आहे, पण मार्क काठावर येतील असं ती म्हणते. संस्थेने दुसऱ्या वर्षासाठीही विचारलं होतं. तिने अजून हो म्हटलेलं नाही, नाही म्हटलेलं नाही. आईवडिलांना वाटतं, तिने शिकायला लागावं. ज्याला विचारावं तो सांगतो, 'अखरे हाहागीम', म्हणजे सणांनंतर बघू. ह्या देशात ऑगस्टपासून प्रत्येक कामाचं उत्तर हेच असतं!

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली होती. मध्येच म्हणाली, "आजी, मला नर्स व्हायचं आहे की तुला मी नर्स व्हायला हवी आहे, ते मला कळत नाही." खरं सांगायचं तर आम्हांला ते लागलं. तिच्या लहानपणापासून आम्ही तिला बाहुलीला पट्टी बांधायला शिकवलं होतं. उत्तर तोंडावर आलं होतं, पण सकाळचे ते गृहस्थ आठवले आणि आम्ही काही बोललो नाही. बस शाआर हागाई उतरून गेली तरी कोणी बोललं नाही.

मग आम्ही तिला आमची गोष्ट सांगितली. १९६८ साली मुंबईत एस. एस. सी. झालो तेव्हा वडिलांनी इस्रायलला यायला नाव नोंदवलं होतं. पेट्या भरून पलंगाखाली ठेवल्या. आज नंबर लागेल, उद्या लागेल, असं करत जवळजवळ वर्ष गेलं. कॉलेजात नाव घालायचं नाही, कारण मध्येच जावं लागेल. चांगले कपडे पेटीत. चाळीतले लोक रोज विचारायचे, "गेला नाहीत अजून?" आम्ही जिन्यावर पाय वाजवायलाही लाजत होतो. शेवटी आई म्हणाली, "बाई, कपडे पेटीत ठेवलेत, जीव तरी बाहेर ठेव." तिने आम्हांला आपल्या स्त्री मंडळातल्या बायकांबरोबर पाठवलं. आजारी, एकट्या लोकांच्या घरी जायचं, भात-आमटी पोचवायची, कधी औषध द्यायचं. नर्स होण्याचा विचार पहिल्यांदा तिथे आला. आधी ठरवून काहीच नव्हतं.

नात म्हणाली, "म्हणजे तुलाही माहीत नव्हतं?" म्हटलं, "अजिबात नव्हतं."

घरी आल्यावर आम्ही तिला सांगितलं की एलियाहू हन्नावीला नवस बोलून ठेवला आहे. प्रवेशाचं पत्र आलं की मलिदा करायचा. आपली ही जुनी रीत तुम्हांला ठाऊक आहेच. अलिबागजवळ खंडाळ्याला नवीच्या रथाच्या खुणा खडकावर आहेत असं आपले लोक मानतात, तिथेही नवस फेडायला जातात. नात म्हणाली, "पत्र आलं नाही तर मलिदा नाही? आणि मी वर्ष पूर्ण केलं त्याचं काय?"

तिचं बरोबर होतं. मलिदा आभाराचा, आणि आभार मानायला जे हातात आहे तेवढं पुरे. मग पुढच्याच रविवारी संध्याकाळी मलिदा केला. पोहे भिजवले, ओलं खोबरं खवलं, साखर, वेलची घातली, पाच फळं मांडली. शेजारपाजारची आपली दहा-बारा माणसं आली. नातीने ताट सगळ्यांपुढे फिरवलं. "आता पुढे काय करणार?" असं तिला चौघांनी विचारलं. ती हसून म्हणाली, "वाट बघते आहे." आणि प्रत्येकाला केळं दिलं.

आता तो वॉकर. ह्यांचं ढोपर २०२३ मध्येच बरं झालं, पण वॉकर आमच्या बाल्कनीत राहिला. त्यावर आम्ही टॉवेल वाळत घालत होतो! नातीने मलिद्याच्या दिवशी तो पाहिला आणि कपाळाला हात लावला. "आजी, ह्याची कोणीतरी वाट बघत असेल!" दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं तो पुसून बेरशेवाच्या शाखेत घेऊन गेलो. काउंटरवर नातीच्याच वयाची एक मुलगी होती. तिने कागद बघितला, सही घेतली आणि काहीही विचारलं नाही. ह्यांनीच दोन पावलं नाचून दाखवली आणि म्हणाले, "बरं झालं, बघ!" ती मुलगी खुदकन हसली. अनामत रक्कम आम्ही तिथेच देणगीत टाकली.

पत्र अजून यायचं आहे. तोपर्यंत नात त्याच शाखेत आठवड्यातून दोन सकाळी जाते. आम्ही तिला काही विचारत नाही. तुमच्याही घरात कोणी असं दोन कामांच्या मधल्या वाटेवर थांबलेलं असेल, तर त्याला रोज "झालं का?" असं विचारू नका. आणि घरात कुणाची उसनी आणलेली वस्तू असेल, तर ती पुसून परत करा.

शाना तोवा, सगळ्यांना.