बिल कोण देणार?

हॉटेलात बडीशेपेच्या बशीतून बिल आलं की आमच्या पिढीत एक छोटंसं युद्ध होतं. "आज मी देणार", "छे छे, मागच्या वेळी तूच दिलंस", मग हात धरणं, पाकीट ओढणं, वेटरच्या हातात नोटा कोंबणं. बडीशेप सांडते ती वेगळीच.

आम्ही सहा निवृत्त मास्तर. महिन्याच्या पहिल्या रविवारी पर्वती चढून उतरायचं आणि खाली नाश्ता करायचा. या युद्धात बहुतेक वेळा मीच जिंकायचो आणि खरं सांगतो, मला त्याचा अभिमान होता.

आमच्यातला एकजण हळूहळू फक्त चहाच घ्यायला लागला. "पोट बरं नाही" म्हणायचा. मग गुडघ्याचं कारण सांगून यायचाच बंद झाला. एक दिवस मंडईत दिसला, दोन पिशव्या घेऊन तरातरा चालत होता. मी गुडघ्याचं विचारलं तर हसला.

म्हणाला, "अरे, गुडघा ठणठणीत आहे. तुम्ही सगळे अनुदानित शाळांतले, पहिल्या तारखेला तुमची पेन्शन येते. माझी शाळा शेवटपर्यंत विनाअनुदानित. सहाजणांचं बिल मला झेपत नाही, आणि दर वेळी तुझं खाऊन घास उतरत नाही."

मी काही बोलू शकलो नाही. पस्तीस वर्षं वर्गात मुलांचे चेहरे वाचले, पण शेजारी बसलेल्या मित्राचा वाचता आला नाही. माझा उदारपणा त्याला दर महिन्याला लहान करत होता.

घरी नातवाला हे सांगितलं. तो म्हणाला, "आजोबा, आमच्यात टीटीएमएम. तुझं तू, माझं मी. फोनवरून आपापले पैसे पाठवायचे, विषय संपला." मला हे नेहमी कोरडं वाटायचं. मैत्रीत कसला हिशोब? पण हिशोब आमच्यातही होताच की, फक्त तो प्रत्येकाच्या मनात चालायचा. शिवाय बिलाचे सारखे सहा भाग केले असते तर नुसता चहा घेणाऱ्याने दुसऱ्याच्या डोशाचे पैसे भरले असते. तेही बरोबर नव्हतं.

मग मी काहीही कारण न सांगता हॉटेलच बदललं. नवीन ठिकाणी स्वयंसेवा आहे. काउंटरवर आधी पैसे देऊन आपापलं कुपन घ्यायचं, मग टेबलावर बिल येतच नाही. "ऊन व्हायच्या आत आटपतं" एवढंच सगळ्यांना सांगितलं. मित्राला फोन केला, तो पुढच्या रविवारी आला. चहा आणि पोहे घेतले. कोणी काही विचारलं नाही.

गेल्या रविवारी तो आमच्या आधीच काउंटरवर पोचला आणि चहाची सहा कुपनं घेऊन आला. माझा हात सवयीने खिशाकडे गेला होता. तो मी मागे घेतला आणि मुकाट्याने चहा प्यायलो.

फार छान होता चहा.