मागच्या रांगेतील सूर

आपल्या भाषेने काही वाद्यांवर मोठा अन्याय केला आहे. डंका वाजला म्हणजे कीर्ती झाली. सनई वाजली म्हणजे मंगल झाले. वीणा तर साक्षात् सरस्वतीच्या मांडीवर जाऊन बसली. तुणतुण्याच्या वाट्यास मात्र उपहास तेवढा आला. एखादा गृहस्थ तीच तीच गोष्ट सांगू लागला, की आपण म्हणतो, 'झाले याचे तुणतुणे सुरू!' एक पोकळ लाकडी नळा, त्याच्या तोंडावर चामडे, बाजूस बसविलेली काठी आणि तिच्या खुंटीपासून चामड्यापर्यंत ताणलेली तार. एवढाच या वाद्याचा संसार. त्यातून एकाहून अधिक सूर निघावा अशी कोणाची अपेक्षाही नसते.

माझ्या वडिलांनी हे वाद्य जवळजवळ चाळीस वर्षे वाजविले. महाडात त्यांचे लहानसे दुकान होते. दिवसा तराजू आणि रात्री तुणतुणे असा त्यांचा क्रम असे. पोलादपूरजवळच्या उमरठ या तानाजी मालुसऱ्यांच्या गावी पोवाडा असो, की १९२७ च्या सत्याग्रहाच्या स्मरणार्थ वीस मार्चला चवदार तळ्यावर जमणाऱ्या जनसमुदायापुढे गाणे असो. शाहीर पुढे डफ घेऊन उभा राही, आणि बाबा मागे, झीलकऱ्यांच्या शेजारी. शालजोडी शाहिराला मिळे, बिदागीचा मोठा वाटाही त्यालाच. तुणतुणेवाल्यास उरेल ते. बाबांनी याबद्दल कधी तक्रार केली नाही. परंतु अखेरच्या आजारात एके रात्री ते मला म्हणाले, "अरे, जन्मभर मी केले तरी काय? एकच तार छेडली ना?" मी त्यांचे पाय चेपीत राहिलो. उत्तर मजजवळ नव्हते.

त्या उत्तराचा धागा पुढे मला ज्या दिशेने सापडला, ती ऐकून वाचकांस हसू येईल. माझा भाचा महाडच्या एका कारखान्यात नोकरीस आहे आणि फावल्या वेळी बेस गिटार वाजवितो. खर्जातल्या सुरांचे हे चार तारांचे वाद्य अमेरिकेत लिओ फेंडर याने १९५१ साली बाजारात आणले, आणि माणसाएवढे उंच लाकडी बेस पाठीवर वाहण्यापासून अनेक वादकांची सुटका झाली. भाचा एकदा सहज म्हणाला, "मामा, आजोबा वाजवीत ते आमचे बेसच की हो!" आणि त्याने मला पॉल सिमोनन नावाच्या वादकाची गाणी ऐकविली.

विलायतेत १९७६ च्या सुमारास बेकारी वाढली होती, आणि नामवंतांचे रॉक संगीत लांबलचक व अलंकारिक होऊन बसले होते. या दोहोंवर चिडलेल्या तरुणांनी जे बंड उभारले, त्यास 'पंक' म्हणतात. मोजके सूर, दोनतीन मिनिटांचे गाणे आणि 'शिकलो नसलो तरी वाजवू' ही ईर्ष्या, हे त्याचे भांडवल. त्या साली लंडनात 'द क्लॅश' हा संच निघाला. सिमोनन हा चित्रकलेचा विद्यार्थी. वाजविणे त्याला ठाऊक नव्हते. मिक जोन्स या सोबत्याने त्याला गिटार शिकवून पाहिली. ती जमेना, तेव्हा बेस हाती दिले. कोणत्या जागी कोणता सूर हे कळावे म्हणून त्याने वाद्याच्या मानेवर सुरांची अक्षरे रंगविली! संचाचे नावही त्यानेच वर्तमानपत्रातील मथळ्यांतून उचलले. क्लॅश म्हणजे झगडा.

तथापि हा अडाणी वादक एका गोष्टीत श्रीमंत होता. दक्षिण लंडनच्या ब्रिक्स्टन भागात, वेस्ट इंडीजमधून आलेल्या लोकांच्या सहवासात तो वाढला होता, आणि त्यांच्या रेगे संगीतात बेस हे मागचे वाद्य नव्हेच. बाकीची वाद्ये जागा सोडीत जातात आणि बेस गाणे चालविते. ती चाल त्याने पंकच्या आरडाओरडीत आणली. पुढे गाणी रचणारांस पैसे मिळतात, साथ करणारांस नाही, हे ध्यानी येताच त्याने स्वतः एक गाणे रचले आणि गायिले. १९७९ च्या 'लंडन कॉलिंग' या संग्रहातील 'द गन्स ऑफ ब्रिक्स्टन' ते हेच. मागच्या रांगेतील मनुष्यास आपला वाटा कळत नाही असे नव्हे; तो मागत नाही एवढेच.

त्याच वर्षी सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या एका रंगमंदिरात, श्रोत्यांना खुर्च्यांवरून उठू देत नाहीत म्हणून संतापून, सिमोननने आपले बेस रंगमंचावर आपटून फोडले. पेनी स्मिथ हिने टिपलेले ते छायाचित्र अस्पष्ट आले होते. ते छापू नये असे तिचे मत होते. परंतु तेच संग्रहाच्या वेष्टनावर गेले आणि जगभर पोहोचले. त्या वाद्याचे तुकडे आज संग्रहालयाची ठेव आहेत. आमचे तुणतुणे जुलै २०२१ च्या महापुरात गेले. सावित्रीचे पाणी ओसरल्यावर घरातून चिखल उपसताना खुंटीसह काठी तेवढी हाती आली. रागाने फुटलेले वाद्य काचेच्या कपाटात बसले, आणि इमानाने झिजलेले गाळात गेले. जगाचा न्याय हा असा आहे.

परंतु सिमोननचे खरे शील मला त्या छायाचित्रात दिसत नाही. १९८६ मध्ये संच मोडल्यावर तो पुनः चित्रे काढू लागला. २०११ साली ग्रीनपीसच्या जहाजावर, आपण कोण हे न सांगता, त्याने आचाऱ्याचा मदतनीस म्हणून काम केले, आणि ग्रीनलँडजवळ समुद्रातून तेल काढण्याच्या उद्योगाला विरोध केल्याबद्दल इतरांबरोबर तुरुंगवास पत्करला. तारुण्यात टाळ्या मिळालेला मनुष्य पन्नाशी उलटल्यावर, नाव झाकून, भाजी चिरतो! मागे उभे राहणे ही त्याची लाचारी नव्हती. तो त्याचा स्वभाव होता, असे मला वाटते.

तानाजीचा पोवाडा रचणाऱ्या तुळशीदासाचे नाव महाराष्ट्र विसरलेला नाही. त्याच्या मागे तुणतुणे कोणी धरले होते, हे मात्र कोणीच लिहून ठेवले नाही. चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतले हे इतिहासात आहे. त्यांच्या पाठोपाठ ज्या हजारोंनी ओंजळ भरली, त्यांची नावे कोठे आहेत? म्हणून त्यांची ओंजळ कमी धीराची ठरत नाही. पुढे होणाऱ्याचा शब्द खरा होतो, तो मागचे हलत नाहीत म्हणून.

पोवाड्यात एक क्षण असा येतो, की शाहिराचा दम सरतो, डफ थांबतो, झीलही थांबते. पुढचे कडवे अद्याप आलेले नसते. श्रोत्यांना वाटते, शांतता झाली. पण ती शांतता नसते. मागे एक तार वाजत असते, आणि शाहीर पुनः तोंड उघडतो तो तिच्याच सुरात.