लिंबूटिंबू यंत्र

'यंत्रमानव' हा शब्द आम्हांला नेहमीच थोडा उतावळा वाटत आला आहे. यंत्राला माणसांत घ्यायचे की नाही, हा वाद सुरू होण्याआधीच तो निकाल देऊन मोकळा होतो. हा निकाल खरे तर कोण देते, याचा एक सुंदर दाखला २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात आहे.

फुमिहिदे तानाका, आरोन सिकुरेल आणि हाविएर मोव्हेलान या संशोधकांनी सोनी कंपनीचा 'क्यूरिओ' हा जेमतेम दोन फुटी यंत्रमानव कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील बालवर्गात, दीड-दोन वर्षांच्या मुलांत नेऊन सोडला. पाच महिन्यांत ४५ बैठका झाल्या. तो चाले, नाचे, डोक्याला हात लागताच खुदकन हसे. (काही आज्ञा माणूस दुरून देत असे, हेही सांगायला हवे.) हळूहळू मुले त्याला खेळण्यासारखे नव्हे, तर खेळगड्यासारखे वागवू लागली. बॅटरी उतरून तो आडवा झाला की एखादे मूल त्याच्यावर पांघरूण घाली.

मधल्या काळात संशोधकांनी त्याला केवळ नाचायला लावले. तेच गाणे, तोच नाच. मुलांचे मन उडाले. जुने वागणे परत आले तशी मुलेही परतली. म्हणजे बिनचूक नाच पुरला नाही. आपण हात लावला म्हणून हा हसला, एवढे मात्र पुरले.

येथे आम्हांला अंगणातला लिंबूटिंबू आठवतो. त्याला नियम कळत नाहीत, तो बाद होत नाही, तरी डावात असतो. खेळता येते म्हणून त्याला कोणी घेत नाही. घेतल्यामुळेच तो खेळायला शिकतो. त्या बालवर्गाने क्यूरिओला अशीच जागा दिली. ती त्याच्या पोटातल्या तारांत शोधून सापडली नसती.

पण आपला लिंबूटिंबू एक दिवस हटून बसतो. 'माझ्यावरही राज्य येऊ द्या' म्हणतो, कट्टी घेतो, आणि थोरल्यांना त्याची समजूत काढावी लागते. ज्याची समजूत काढावीच लागत नाही अशा सवंगड्याबरोबर वाढलेले मूल बट्टी करायला कोठे शिकेल, ही आमची खरी धास्ती आहे. क्यूरिओ आडवा होई तो बॅटरी उतरली म्हणून. पांघरूण घालणाऱ्यावर रुसून नव्हे.