दोन वाटांचं गाव

गेल्या वीकांताला बिव्हिओला जाऊन आलो. नाव ऐकलं नसेल तर वाईट वाटून घेऊ नका, झुरिकमधल्या माझ्या निम्म्या टीमनेही ऐकलं नव्हतं. 'सात दिवसांत अख्खं युरोप'वाल्या टूरमध्येही ते बसत नाही.

जायचं कारण आमची कन्या. वय वर्षं साडेचार. सहा महिन्यांपूर्वी किंडरगार्टनला जायला लागली आणि एके दिवशी मी वरण-भाताचा घास पुढे केल्यावर म्हणाली, "नाय, इ वॉट न्योद." म्हणजे 'मला नकोय'. बरं, ही शुद्ध जर्मनही नाही, झुरिकची बोली! सोमवारी लंचला मी हे रडगाणं गायलो तेव्हा ग्राउब्युन्डेनकडचा एक सहकारी म्हणाला, "भाषेची एवढी काळजी असेल तर एकदा बिव्हिओ बघून ये." पुढे काही बोलला नाही. ही डोंगराकडची मंडळी बोलण्याच्या बाबतीत कोकणी माणसाच्या बरोब्बर उलटी.

तर झुरिकहून ट्रेनने खूर आणि तिथून पोस्टाची पिवळी बस. अवघड वळणावर ही बस तीन सुरांचा भोंगा वाजवते, तो रॉसिनीच्या 'विल्यम टेल'मधला. कन्या प्रत्येक वळणाला "परत!" म्हणून ओरडत होती. मराठीत. मी तेवढ्यावरही खूश.

साव्होन्यिन मागे पडलं की रस्त्याला लागून एक हिरवंगार तळं लागतं, मार्मोरेरा. बायको फोटो काढत असताना मी फोनवर वाचलं आणि जरा गप्पच झालो. तळ्याखाली मार्मोरेरा गाव आहे. झुरिक शहराला वीज हवी होती म्हणून धरण बांधलं आणि १९५४ मध्ये गाव पाण्याखाली गेलं. घरं, चर्च, सगळं. रोमान्श बोलणारं गाव. नवं मार्मोरेरा म्हणजे वर उतारावर वसवलेली मोजकी घरं. कोयनेच्या शिवसागरात गेलेल्या गावांबद्दल लहानपणी ऐकलं होतं, तेव्हा वीज आपण वापरतो हे डोक्यात आलं नव्हतं. आता आमचा झुरिकचा राइस कुकर आठवला. असो.

बिव्हिओ १७६९ मीटरवर आहे. वस्ती दोनशेच्या आसपास, जाडजूड भिंतींची घरं, आणि एवढ्याशा गावात चर्चं दोन, एक कॅथलिक आणि एक प्रोटेस्टंट. नाव लॅटिनमधलं, अर्थ 'जिथे वाट दुभंगते'. एक वाट यूलियर खिंडीतून एंगाडिनकडे जाते, दुसरी सेप्टिमर खिंडीतून ब्रेगालियात उतरून इटलीकडे. दोन्ही रोमन लोकांच्या वापरातल्या. यूलियरच्या माथ्यावर तर त्यांच्या देवळाच्या खांबांचे दोन बुंधे अजून उभे आहेत. पुढे यूलियरवरून गाडीरस्ता झाला आणि सेप्टिमरची पायवाट ट्रेकर्सना उरली.

गंमत पाण्याची आहे. जवळच लुंगीन नावाची २६४५ मीटरची खिंड आहे. (चिमुरडीला घेऊन तिथवर गेलो नाही, नकाशावरच गेलो.) तिथे पडलेला पाऊस एका बाजूने ऱ्हाईनमधून उत्तर समुद्रात जातो, दुसऱ्या बाजूने इन आणि डॅन्यूबमधून काळ्या समुद्रात आणि तिसऱ्या बाजूने पो नदीतून एड्रियाटिकमध्ये. बिव्हिओचं पाणी ऱ्हाईनचं. म्हणजे नियमाने भाषा खालच्या खोऱ्यातली हवी, रोमान्श. पण माणसं पाण्याच्या नियमाने वागत नाहीत. ब्रेगालियातले गुराखी उन्हाळ्यात चाऱ्यासाठी गुरं घेऊन सेप्टिमर चढून यायचे आणि हळूहळू इथेच राहिले. येताना आपली इटालियन बोली, बार्गायोत, घेऊन आले, आणि नंतर तिकडचा प्रोटेस्टंट धर्मही आला. म्हणून आल्प्सच्या उत्तर अंगाला असूनही हे जुन्या काळापासूनचं इटालियनभाषक गाव. खालच्या गावांशी सोयरिकी झाल्या, रोमान्श घरात आली. मग रस्ता, स्की, नोकऱ्या, आणि जर्मन. २००० च्या जनगणनेत निम्म्याहून जास्त लोकांनी जर्मन हीच आपली मुख्य भाषा सांगितली होती. २०१६ मध्ये खोऱ्यातल्या नऊ ग्रामपंचायती एकत्र करून 'सुर्सेस' झाली, त्यात बिव्हिओ विलीन.

रोमान्शचंही काही सरळ नाही. १९३८ मध्ये सार्वमताने ती राष्ट्रभाषा झाली खरी, पण तिची लिखित रूपंच पाच. म्हणून १९८२ मध्ये सगळ्यांसाठी एक प्रमाण रूप तयार केलं. आपल्या धंद्यातल्या लोकांना पुढचं सांगायला नको... आता सहा आहेत :)

आम्ही उतरलो होतो तिथल्या आजी सत्तरीच्या पुढच्या. माझ्या मोडक्या जर्मनवर त्यांना दया आली असावी, कॉफी घेऊन समोरच बसल्या. तुम्ही कोणकोणत्या भाषा बोलता, विचारलं तर बोटं मोजायला लागल्या. आई-वडिलांशी बार्गायोत. शाळेत पुस्तकी इटालियन. नवरा साव्होन्यिनचा, त्याच्याशी रोमान्श. गिऱ्हाइकांशी जर्मन.

"आणि नातवंडांशी?"

"ती झुरिकला असतात. त्यांना माझं समजतं. उत्तर त्यांच्या भाषेत देतात."

मी लगेच आमच्या कन्येची तक्रार सुरू केली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तू तुझ्या आजीशी कुठल्या भाषेत बोलायचास?"

मराठीत, म्हणालो. तेवढंच म्हणालो.

माझी आजी कुडाळकडची. "खंय गेल्लस रे?" म्हणायची. मी म्हणायचो, "इथेच होतो, आजी." बाबा पुण्यात आले, पहिल्या नोकरीत त्यांच्या हेलावर लोक हसले असावेत, आणि घरात 'नीट' बोलायचं हा नियम झाला. मला मालवणी सगळी समजते. बोलत नाही. शेवटच्या एक-दोन वर्षांत आजी फोनवर माझ्याशी पुण्याचं मराठी बोलायची. शब्द शोधत, अडखळत, पाव्हण्याशी बोलावं तशी. आणि मला तेव्हा, खरं सांगतो, ते गोड वाटलं होतं. मित्रांना नक्कल करूनही दाखवली होती.

कॉफीनंतर थोडं सेप्टिमरच्या वाटेवर चालून आलो. कन्या गाईंशी झुरिकच्या बोलीत गप्पा मारत होती. मी काही दुरुस्त केलं नाही.

रविवारी रात्री घरी पोचलो आणि नेहमीप्रमाणे पुण्याला व्हिडिओ कॉल लावला. आईने नातीला विचारलं, "जेवलीस का गं?" उत्तर आलं ते अर्थातच इकडचं, आणि स्वारी खेळायला पळाली. आई मला म्हणाली, "थांब, वही आणते. ते मघाशी काय म्हणाली ती, ते मला नीट सांग. आणि 'भूक लागली' कसं म्हणतात तेही. मी पाठ करून ठेवते."

मी म्हटलं, "आई, तू नको शिकूस."

"का रे?"

मला सांगता येईना. शेवटी दोन्ही वाक्यं सांगितली. आईने देवनागरीत लिहून घेतली आणि एकदा वाचून दाखवली.

"बरोबर म्हणतेय ना मी?" तिने विचारलं.