तोळा आणि सव्वा तोळा

2019मध्ये शस्त्र कायदा बदलला आणि माणशी तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवायची असं ठरलं. माझ्याकडे तीन होती: बारा बोअर, बाबांची तीनशे पंधरा आणि माझी थर्टी-ओ-सिक्स. धानाच्या राखणीला बारा बोअर लागतेच, तिचा प्रश्न नव्हता. उरल्या दोन रायफली. त्यातली एक वर्षाच्या आत जमा करायची होती. एका दुपारी ओसरीवर घोंगडी अंथरून दोघींना शेजारी निजवलं आणि समोर दोघींचं एकेक काडतूस उभं केलं.

तीनशे पंधराचं काडतूस दिसायला बुटकं, बुडाशी कड असलेलं. त्यावर के. एफ. असा शिक्का, म्हणजे आपल्या खडकीच्या कारखान्याचा. मूळ मात्र ऑस्ट्रियातलं, मानलिखर रायफलीचं. इंग्रजांच्या राज्यात फौजेचं थ्री-नॉट-थ्री सामान्य माणसाला ठेवता येत नसे. म्हणून बंदूकवाल्यांनी परक्या फौजेचं हे काडतूस शिकाऱ्यांसाठी आणलं. ऑस्ट्रियात ते केव्हाच मोडीत निघालं, आपल्याकडे अजून चालू आहे. थर्टी-ओ-सिक्स अमेरिकी फौजेचं, साल 1906, आणि तेच साल त्याच्या नावात बसलेलं. लांब, बिनकडेचं, टोकदार.

गोळीचं वजन ग्रेनमध्ये मोजतात आणि एका तोळ्यात बरोबर 180 ग्रेन भरतात. थर्टी-ओ-सिक्सची एक नेहमीची गोळी 180 ग्रेनचीच, म्हणजे चोख एक तोळा. हलकी 150ची, ती दहा मासे. तीनशे पंधराची 244 ग्रेन, सव्वा तोळ्याहून जरा जास्तच. बाबा हा हिशेब सोनाराच्या तोंडानं सांगत आणि वर म्हणत, ‘सोनं अंगावर घालतात, हे अंगात घालायचं असतं.’ आईला हे बोलणं मुळीच आवडत नसे.

चौदाव्या वर्षी, 1963 साली, बाबांनी मला तीनशे पंधरा हातात दिली. जिल्हा तेव्हा चांदा होता. पहिले आठ दिवस बार नाहीच, फक्त मॅगझिन भरायला शिकायचं. कडेचं काडतूस भरताना वरच्याची कड खालच्याच्या कडेच्या पुढे यावी लागते. मागे राहिली तर बोल्ट लोटताना दोन्ही कडा एकमेकींत अडकतात. मला वाटे, एवढं काय त्यात! पुढच्या हिवाळ्यात नाल्याच्या काठी एक एकुलगा डुक्कर अंगावर आला. पहिला बार खांद्याच्या वर गेला, बोल्ट ओढला, लोटला, आणि तो अर्ध्यावर थांबला. मधलं काडतूस मी उलट बसवलं होतं. आमच्या गोंड सालदारानं मला दंडाला धरून मोहाच्या बुंध्यामागे खेचलं. डुक्कर पुढून निघून गेला. सालदार एवढंच म्हणाला, ‘मालक, एकच भरत जा. एकच आहे म्हटलं की नीट लागते.’ पुढे बरीच वर्षं मी एकच भरत असे.

थर्टी-ओ-सिक्स 1971ची, एका निवृत्त फौजी अधिकाऱ्याकडून दुर्बिणीसकट घेतली. बोल्ट लोण्यातून सुरी फिरावी तसा. धक्का मात्र निराळा: तीनशे पंधरा खांद्याला मागे ढकलते, ही झापड मारते. आणि गोळी सरळ जाते. शंभर पावलांवर नेम बेतला, तर दोनशेवर हिची गोळी चारेक बोटं उतरते, तिची वीतभर. दोनशे पावलं म्हणजे तीनशे पंधरावाल्याला जवळ सरकायचा हुकूमच. माझं सरकणं मात्र थांबलं. त्याच वर्षी तलावाच्या पल्याड सांबर उभा होता, मी अल्याडून बांधावर रायफल टेकवून दहा माशांची गोळी सोडली. तो गुडघ्यावर आला, उठला आणि बांबूत शिरला. दिवसभर रक्ताचा माग काढला, सापडला नाही. तिसऱ्या दिवशी गिधाडं उतरली तेव्हा कळलं कुठे पडला होता ते. गोळीत खोट नव्हती. तीनशे पंधरा हातात असती तर तो बार मी काढलाच नसता.

पुढच्या वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि माझी शिकार संपली. संपली ते योग्यच झालं. त्यानंतर दोन्ही रायफलींनी बहुतेक कपाट आणि निवडणुकीच्या काळात ठाण्याची खोली पाहिली. वनखात्यानं पिकं खाणारी डुकरं मारायची परवानगी दिली तेव्हाच काय त्या बाहेर निघाल्या. रात्री, बॅटरीच्या उजेडात, चाळीस पावलांवर. तिथे तोळा काय आणि सव्वा तोळा काय, डुकराला फरक कळत नाही.

काडतूस म्हणून थर्टी-ओ-सिक्स उजवं आहे. वेग, पल्ला, अचूकपणा, कशातही तीनशे पंधरा त्याच्या पासंगाला पुरत नाही, आणि पुरते म्हणणारा एकतर भावनेनं बोलतो किंवा त्यानं दुसरी चालवलेली नसते. मी दोन्ही चालवल्या आहेत. थर्टी-ओ-सिक्स जमा केली, दुर्बिणीसकट. पावतीवर ‘चालू स्थितीत’ असं लिहून घेतलं. घरात तीनशे पंधराची नऊ काडतुसं शिल्लक आहेत.