झाकलेली गरिबी

भिवपुरी गाव एकीकडे आणि भिवपुरी रोड हे रेल्वे स्टेशन दुसरीकडे, हे नवख्या माणसाच्या लवकर ध्यानात येत नाही. गावाजवळ टाटांचे १९२२ सालचे वीजगृह आहे. स्टेशनच्या बाजूस मात्र अलीकडच्या इमारती. मुंबई-ठाण्यात जागा परवडेना म्हणून कर्जत लोकलच्या भरवशावर येथे आलेली ही पांढरपेशी कुटुंबे. नोकरी दादरला, घर येथे आणि उरलेसुरले चार पैसे एखाद्या सहकारी बँकेत. यांतील काही घरांशी धर्मगुरू या नात्याने आमचा संबंध आला, आणि गरिबीविषयीच्या आमच्या पुष्कळशा कल्पना आम्हांला पुन्हा तपासाव्या लागल्या.

रायगड जिल्ह्याला या दुखण्याची ओळख जुनी आहे. सप्टेंबर २०१० मध्ये पेण अर्बन बँकेवर निर्बंध आले आणि सुमारे दोन लाख ठेवीदार एका रात्रीत हवालदिल झाले. बनावट कर्जखात्यांतून पैसा बाहेर गेला होता व त्यातून जमिनी घेतल्या गेल्या होत्या. पुढे पनवेलच्या कर्नाळा बँकेचा परवाना ऑगस्ट २०२१ मध्ये रद्द झाला. या दोहोंच्या मध्ये, २३ सप्टेंबर २०१९ रोजी, पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले. सहा महिन्यांत एका खात्यातून फक्त एक हजार रुपये काढता येतील, असा पहिला आदेश होता. ही मर्यादा पुढे टप्प्याटप्प्याने वाढविण्यात आली.

मंदी सामान्य घरापर्यंत कोणत्या वाटेने येते, हे या तिसऱ्या उदाहरणात स्पष्ट दिसते. घरबांधणीचा धंदा थंडावला, सदनिका विकल्या जाईनात, बिल्डरचे हप्ते थकले. बँकेच्या कर्जाचा मोठा हिस्सा एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे अडकलेला होता. तो लपविण्यासाठी २१ हजारांहून अधिक बनावट खाती दाखविली गेली. शेवटी भुर्दंड कोणाला? ज्याने आयुष्यात कधी कर्जच काढले नाही, त्याला!

आमच्या ओळखीचे एक गृहस्थ खोपोलीच्या कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडले होते. हाती आलेली सारी पुंजी त्यांनी एका बँकेत मुदत ठेवीत ठेवली. बँकेचे नाव येथे नको. ती बंद पडली त्या महिन्यात त्यांच्या थोरल्या मुलीच्या नर्सिंगच्या शिक्षणाची फी भरावयाची होती. "फादर, मी कोणाचं एक पैशाचं कर्ज बुडवलेलं नाही, तरी लोकांच्या नजरेत दिवाळखोर मीच," असे ते आम्हांला म्हणाले. त्यांच्या पत्नीने रविवारच्या मिस्सेला येणे सोडले. दानपात्र पुढे आले की हात रिकामा दिसतो, हे कारण आम्हांला फार उशिरा, तेही धाकट्या मुलाकडून कळले. दिवाळीपूर्वी त्या घरातील फ्रीज विकला गेला. दारावरची पाटी मात्र रोज पुसली जात होती.

आमची विन्सेंट डी पॉल सोसायटीची मंडळी कातकरी वाडीवर तांदूळ-डाळ कशी पोहोचवावी हे उत्तम जाणतात. परंतु ज्या दारावर पितळी पाटी आहे, त्या दाराची कडी कशी वाजवावी, हे त्यांनाही ठाऊक नसते. गरिबाचा हात पुढे येतो, पांढरपेशाचा खिशातच राहतो. त्या घरी शेवटी सोसायटीची एक वयस्क बाई गेली, तीही पापड विकत घेण्याच्या निमित्ताने. पापड करता का, असे तिने विचारले, आगाऊ पैसे दिले आणि इतर कशाचाही उल्लेख केला नाही. आमच्या अनेक प्रवचनांपेक्षा तिची ही रीत आम्हांला अधिक शहाणपणाची वाटली.

"जास्त व्याजाच्या लोभाने गेले," असे म्हणणारे आपल्यातही पुष्कळ आहेत. हा न्याय आम्हांला मान्य नाही. एक-दीड टक्का अधिक व्याज हा लोभ नव्हे. बँकेचा व्यवस्थापक ओळखीचा, पिग्मी गोळा करणारा मुलगा रोज घरी येणारा, एवढ्या विश्वासावर माणसे पैसे ठेवीत होती. पैसा जमिनीत पुरून ठेवणाऱ्या दासाला त्याचा धनी रागावला आणि तो सावकारांकडे का ठेवला नाहीस म्हणाला, हा दृष्टान्त आपण दरवर्षी ऐकतो. सावकारच बुडाला तर काय करावे, हे मात्र त्यात सांगितलेले नाही.

ठेवींचा विमा आपल्याकडे १ जानेवारी १९६२ पासून आहे. आरंभी त्याची मर्यादा १,५०० रुपये होती. १ मे १९९३ रोजी ती एक लाखावर गेली आणि तेथेच जवळपास सत्तावीस वर्षे थांबली. भाव, फी, दवाखान्याची बिले वाढत राहिली; मर्यादा हलली नाही. पाच लाखांची मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून लागू झाली, आणि २०२१ च्या कायद्याने निर्बंध आल्यापासून नव्वद दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद झाली. ज्यांचे पाच लाखांहून अधिक होते, त्यांची स्थिती वेगळी. २०२२ च्या जानेवारीत पंजाब अँड महाराष्ट्र बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली, तेव्हा मोठ्या ठेवीदारांचे पैसे दहा वर्षांपर्यंत हप्त्यांनी देण्याचे ठरले. सत्तरीच्या माणसाला दहा वर्षांचा वायदा!

आमच्या धर्मग्रामात आता उपासनेनंतर कधी कधी या विषयावर बोलणे होते. सांगण्यासारख्या गोष्टी थोड्या आहेत. एकाच बँकेच्या निरनिराळ्या शाखांत एका व्यक्तीच्या नावे असलेल्या ठेवी, व्याजासह, मिळून मोजल्या जातात, म्हणून शाखा बदलून उपयोग नाही. पतपेढीतील ठेवींना हा विमा नसतोच, आणि नेमके तेथेच आपल्या पुष्कळ बहिणींचे पैसे असतात. खात्यावर नामनिर्देशन आहे की नाही, हे घरातील दोघांनाही ठाऊक असावे. ते खोपोलीचे गृहस्थ हल्ली या बैठकीस मागच्या बाकावर बसतात. परवा एका विधवेचा अर्ज त्यांनीच, चष्मा पुसत पुसत, भरून दिला.